नर्सबाईची ओटी

माझं पहिलं बाळंतपण जळगावच्या दवाखान्यात झालं. क्लोरोफॉर्ममुळे मी बेशुद्ध होते. अंग गार पडलं म्हणून नर्सबाईने उकळत्या पाण्याची बाटली फडक्यात न गुंडाळता तशीच माझ्या टाचेला लावली आणि ती चहाला निघून गेली. शुद्धीवर आले तेव्हा टाच भाजून सोलून निघाली होती. वर मलाच म्हणते, "पाय हलवायला काय झालं होतं?"

घरी निघताना सासूबाईंनी त्याच बयेची खणानारळाने ओटी भरली. आमच्या गावी सावद्याला सुईणीची ओटी भरायची रीत, तीच त्यांनी दवाखान्यात आणली. माझे हात शिवशिवत होते.

पुढे यजमानांनी वकील गाठला. तो म्हणाला, "नुकसानभरपाईचा दावा करता येतो. पण तुम्ही वॉर्डादेखत तिची ओटी भरलीत. तक्रार होती तर मान कशाला दिला, असं कोर्टात विचारतील." यजमान तसेच घरी आले. दावा झालाच नाही.

दुसऱ्या खेपेला दवाखान्यात निघताना सासूबाईंनी पुन्हा खणनारळ बांधून घेतला. तो मी टांग्यातून रस्त्यावर भिरकावला आणि म्हणाले, "आधी मी माझ्या पायांनी बाहेर येते का बघा, मग कुणाची भरायची ती ओटी भरा."