पंचांसमोरची बहीण

चंद्रकांताला जन्मात कोणी काही फुकट दिलं नाही. सरकार महिन्याला निराधार अनुदान द्यायचं, तेही फुकट नव्हे. वर्षातून एकदा कुबडी टेकत जाऊन तोंड दाखवावं लागायचं, मग साहेब लिहून द्यायचे की बाई हयात आहे. "जिती हाय का मेली, ह्यांना कागदाबिगर समजत नाय," असं म्हणून ती स्वतःच हसायची. हसायची तेव्हा दिवस बरे होते.

ती मूळची चांदीप गावची. लहानपणीच्या तापात डावा पाय लुळा पडला आणि मग तिच्या लग्नाचा विषय घरात कोणी काढलाच नाही. बाप गेल्यावर ती भावाच्या, हिरामणच्या संसारात राहिली. हिरामण वाईट नव्हता, त्याची बायकोही वाईट नव्हती, आणि खरी अडचण तीच. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. वहिनी वेळेवर जेवायला वाढायची, फक्त वाढताना पळी जरा जास्त वाजायची. पुतण्याचं लग्न ठरलं, नव्या नवरीला खोली हवी झाली, आणि चंद्रकांताची गादी पडवीत आली. तिनं लग्नात सगळ्यांबरोबर हळद लावली, वऱ्हाडाबरोबर जेवली आणि पूजा उरकताच सुईदोऱ्याचा डबा घेऊन तुळिंज गाठलं. उष्ट्या तुकड्यावर म्हातारपण काढायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तुळिंजच्या बाजारात एका ब्लाउजवाल्याकडे तिला काम मिळालं. साड्यांना फॉल लावायचे, हूक बसवायचे, काजं करायची. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही, एरवी बसा माश्या मारत. दुकानाचा पैसा पाहुण्यासारखा यायचा, अनुदानाचा घरच्या माणसासारखा. उशिरा का होईना, पण यायचा. घरभाड्यातला तिचा वाटा त्यातूनच निघायचा, म्हणून तिला तो जिवापेक्षा प्यारा.

वाटा म्हणायचं कारण मनोरमा. ही साताऱ्याकडची विधवा, एका शाळेच्या बालवर्गात आया. मूलबाळ नाही, दीर-भावजया आपापल्या संसारात. दुकानात ब्लाउज उसवून घ्यायला आली आणि चंद्रकांताशेजारी स्टुलावर बसून दोन तास बोलत राहिली. दोघींनाही खोली हवी होती आणि दोघींनाही कोणी देत नव्हतं. एकट्या बाईला घर द्यायचं म्हटलं की लोकांच्या पोटात कसलेकसले गोळे उठतात, कोण जाणे.

शेवटी एजंटानंच तोडगा काढला. चार मजली, बिनलिफ्टची इमारत, पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. पण सोसायटीचा नियम कडक: फक्त फॅमिली. "मग सांगा ना सख्ख्या बहिणी आहोत म्हणून," एजंट म्हणाला. "कोण बघायला बसलंय?" मनोरमाच्या कागदांवर नवऱ्याचं नाव, चंद्रकांताच्या कागदांवर बापाचं. आडनावं वेगळी असायला त्याहून चांगलं कारण कुठलं! एक बोलते सातारी आणि एक चांदीपची, हे मात्र सेक्रेटरी विलासरावांच्या कानाला लागलंच. मनोरमानं तोंडावरची माशीही न हलू देता सांगितलं, "मी आजोळी वाढले."

अशा रीतीनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोघी बहिणी झाल्या. मनोरमा थोरली, मनूताई. चंद्रकांता धाकटी, चंदा.

खोटं बोलायला सोपं असतं, सांभाळायला जड. या दोघींच्या बाबतीत उलटंच झालं. सुरुवातीला चंद्रकांतानं बोंबील भाजले की मनोरमा पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन उभी राहायची. वर्षभरात तीच सुक्या मासळीच्या बाजारातून वाकट्या निवडून आणायला लागली. चंद्रकांताला टायफॉइड झाला तेव्हा मनोरमानं शाळेतून रजा काढून तिला अंघोळ घातली, वेणी घातली आणि औषध घेत नाही म्हणून एक सणसणीत शिवीही घातली. तापात पडल्या पडल्या चंद्रकांताला वाटलं, सख्खी असती तर एवढं केलं असतं का? अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट एकदा, दोनदा, तीनदा नवं झालं. समोरच्या दारातली हेमांगीवहिनी तर आपल्या मुलींना ओरडायची, "जरा त्या दोघींकडे बघा! बहिणी असाव्यात तर अशा."

सगळं बिघडलं ते चंद्रकांताच्या सरळपणामुळे. अनुदानाची पत्रं अजून चांदीपच्या पत्त्यावर जात होती आणि हिरामण ती महिना-महिना फळीवर ठेवून द्यायचा. तिनं रीतसर अर्ज करून तुळिंजचा पत्ता दिला. पत्ता बदलला म्हणजे नव्यानं चौकशी आली. तलाठी भाऊसाहेब आले ती दुपारची वेळ. चंद्रकांता दुकानात, मनोरमा शाळेत. समोरचं दार उघडलं हेमांगीवहिनीनं, आणि चहा देत देत तोंड भरून सांगितलं, "निराधार कुठली हो? सख्खी बहीण आहे की! शाळेत नोकरीला, पगार आहे, धाकटीला फुलासारखी जपते."

बिचारीनं कौतुकच केलं होतं. भाऊसाहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि अनुदान बंद झालं.

चंद्रकांता वसईच्या कचेरीत गेली तेव्हा भाऊसाहेब चांगलं बोलले. बसायला खुर्ची दिली. "मावशी, एका घरात पगारदार बहीण आहे, असा जबाब आहे. मी काय करू?"

"ती माजी बहीन नाय," चंद्रकांता हळूच म्हणाली.

"मग शेजारी खोटं बोलतात का?"

"नाय वो, आमीच खोटं बोललो. घरासाटी."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. असं असेल तर फेरचौकशी करू, ते म्हणाले. घरी येतो, दोघी हजर राहा, सोसायटीतले दोन पंच बोलवा, त्यांच्यासमोर जबाब द्या, पंचनामा होईल, अनुदान सुरू होईल. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती. चंद्रकांताला कळलं की इकडे आड आणि तिकडे विहीर. पंच म्हणजे विलासराव आणि हेमांगीवहिनी. त्यांच्यासमोर खरं बोललं तर घर जाईल, आणि गप्प बसलं तर हक्काचा पैसा.

मनोरमाला हे ऐकून आश्चर्यच वाटलं. एवढा विचार काय करायचा? "जाऊ दे की गं ते अनुदान! मी कमावतेय न्हवं? दोन भाकरी मी खाते, दोन तू खा."

"आनि भाडा?"

"मी भरीन."

चंद्रकांता फॉलाचा टाका चुकला तो उसवत बसली. मग म्हणाली, "मनूताई, भावाच्या घरानशी मी कशापायी निंगाली, ठावं हाय ना तुला?"

"मी आन तुझी वहिनी सारखी का?" मनोरमाचा आवाज चढला. "मी कधी भांडं आपटलं?"

"आज नाय आपटलास."

हे बोलायला नको होतं. चंद्रकांतालाही ते लगेच कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द गेला. मनोरमा उठली आणि कुकर लावायला आत गेली. त्यानंतर आठवडाभर दोघी बोलल्या, पण भाजीबद्दल आणि पाण्याबद्दल. चंद्रकांता मात्र धरून चालली होती की जबाब ठरलेला आहे, खरं तेच सांगायचं. दुसरी खोली शोधू, दोघींनी मिळून शोधू, एकदा मिळाली तशी पुन्हा मिळेल. हे सगळं तिनं मनात ठरवलं आणि मनोरमाला सांगायचं राहून गेलं. रोज सांगेन म्हणायची, आणि रोज मनोरमाचं मिटलेलं तोंड बघून गप्प बसायची.

भाऊसाहेब रविवारी सकाळी आले. मनोरमानं सतरंजी अंथरली. विलासराव खुर्चीवर बसले, हेमांगीवहिनी दाराशी उभी राहिली. काय चाललंय ते त्या दोघांना नीटसं ठाऊक नव्हतं. भाऊसाहेबांनी आधी मनोरमाकडे बघितलं. "बाई, या चंद्रकांता तुमच्या कोण?"

मनोरमानं एकदा चंद्रकांताकडे पाहिलं. त्या नजरेत सगळा आठवडा होता, आणि हट्टही होता.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. "पाठची."

हेमांगीवहिनीनं मान डोलावली, त्यात काय विचारायचं, अशी. आता चंद्रकांता गप्प बसली असती तर घर राहिलं असतं, मनूताई राहिली असती, आणि तीही राहिली असती, दुसऱ्याच्या ताटावर, मरेपर्यंत. भाऊसाहेब पेन टेकवणार एवढ्यात ती बोलली.

"नाय भाऊसाहेब. खोटं हाय. ती माजी कोनी नाय."

हेमांगीवहिनीचा हात तोंडावर गेला. मनोरमा चार माणसांत खोटारडी ठरली होती, आणि तीही जिच्यासाठी खोटं बोलली तिच्याच तोंडून. तिनं वाद घातला नाही. भाऊसाहेबांनी जबाब वाचून दाखवला, 'सदर इसमांमध्ये कोणतेही नाते नाही', आणि पेन पुढे केलं. मनोरमानं सही केली. पंचांनी केली. चंद्रकांतानंही आपली सही केली.

विलासरावांनी दोन दिवसांनी निरोप दिला. ते काही आकसानं बोलले नाहीत. "मला वैयक्तिक काही नाही हो. पण आज तुम्हाला ठेवलं तर उद्या चार पोरं येतील आणि म्हणतील, आम्ही चौघे भाऊ." अ‍ॅग्रीमेंट संपेपर्यंत राहायची मुभा मिळाली. हेमांगीवहिनीचं दार त्या दिवसापासून लोटलेलं असायचं. चंद्रकांतानं विरारकडे दोन जागा बघून आल्याचं सांगितलं तेव्हा मनोरमा म्हणाली, "बघ तुला आवडली तर." तिनं शाळेतल्याच एका बाईकडे आपली सोय लावली होती.

मनोरमाचा टेम्पो आला तेव्हा चंद्रकांता कुबडी घेऊन खाली उतरली. स्टोव्ह, कपाट, कुकर एकेक करून चढलं. शेवटी तिला राहवेना. "मनूताई, रागावलीस माज्यावर?"

मनोरमानं पदर खोचला. रडायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसाचा चेहरा होता. "रागवायला मी तुझी कोण?" ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

पुढच्या महिन्यात अनुदान सुरू झालं. थकलेलंही एकदम जमा झालं. चंद्रकांतानं पासबुक भरून घेतलं, बँकेच्या पायरीवर बसली, कुबडी बाजूला ठेवली आणि तिला रडू फुटलं. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. रांगेतली एक म्हातारी तिच्याजवळ वाकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी, बाई. सरकारी पैसा हाय, उशीर व्हतो. येईल हो, येईल."