ब्राइटचा अर्थ राहिला

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आपण रोज काहीबाही लिहितो. आज माझं लिहितो.

माझी बायको क्षयाने अंथरुणाला खिळली आहे. सात रस्ता नाक्यावरचे डॉक्टर आता औषधही बदलत नाहीत.

तिला इंग्रजीची हौस. मिलमधून आलो की रोज एक शब्द शिकवतो, शेवटी 'आइट' येणारा. लाइट म्हणजे उजेड. नाइट म्हणजे रात्र. साइट म्हणजे दृष्टी. मागचे सगळे म्हणून झाले की नवा.

आज मी 'ब्राइट' म्हणालो, तर तिने माझा हात धरला. "अवो, नवा नगं आता. हायत तेच म्हना की."

मी तेच म्हणत राहिलो. ऐकता ऐकता तिला झोप लागली.

ब्राइटचा अर्थ सांगायचा राहिला. उद्या सांगू का, मंडळी?