मुकादमांनी वाफा साफ केला

सोनघळच्या कुंडलिक मुकादमांना कुणी विचारावं, "मुकादम, स्वच्छता म्हंजी काय वो?" की ते आधी घसा खाकरणार, टोपी मागं सारणार आणि सांगणार, "सायेब गाडीतनं उतरल्यावर जेवढं दिसतं, तेवढं."

भोर आणि वेल्ह्याच्या मधलं हे गाव. एसटी स्टँड, मोबाईलची दुकानं आणि एक कायमचं बंद एटीएम, एवढ्या भांडवलावर स्वतःला शहर म्हणवून घेणारं. इथल्या पंचायतीत सफाईचे मुकादम म्हणून कुंडलिकरावांची सारी हयात गेली, आणि ती रस्त्याच्या डाव्या बाजूला गेली. कारण साहेब गाडीत डावीकडे बसतो. उजवीकडची गटारं त्यांनी देवाच्या हवाली केली होती. साहेब येणार अशी नुसती कुणकुण लागली की मुकादमांच्या अंगात यायचं. विळा फिरायचा, खराटा फिरायचा, त्याच त्या झेंडूच्या कुंड्या शाळेतून पंचायतीत आणि पंचायतीतून दवाखान्यात साहेबांच्या पुढं पुढं पळायच्या. शेवटी रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या फक्कीची रेघ! एकदा घाईच एवढी होती, की रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून त्यांनी फक्की मारली. कुत्रं उठून गेलं, आकार राहिला. "हा काय सिंबॉल आहे?" साहेबांनी विचारलं. "पर्यावरणाचं हाय, सायेब," मुकादम म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि फोटो काढला.

अशा या स्वच्छतेच्या महर्षींचं स्वतःचं घर कुठं? तर नाल्याच्या काठावर. अख्ख्या गावाचं सांडपाणी त्यांच्या उंबऱ्याला नमस्कार करून नदीकडं जायचं. घरातल्यांची नाकं सरावली होती, पाहुण्यांची कशी सरावणार? मुकादमांचा एकुलता एक बंडू, निर्व्यसनी, स्वतःचा टेम्पो, तिशी ओलांडून बसलेला. मुलीकडचे घर बघायला यायचे, नाकाला रुमाल लावून ओसरीवर टेकायचे आणि पोह्यांची बशी हातात घेऊन तशीच खाली ठेवायचे. एक पाहुणे तर घास न खाता "पोहे छान झालेत हो" म्हणाले आणि चपला हातात घेऊनच सुटले. त्या नाल्यापायी बंडूचं लग्न अडलं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग पंचायतीनं सांडपाण्याच्या कामासाठी बोलावलेल्या शेफालीताई आल्या. ताई इंजिनिअर होत्या आणि त्यांचं निम्मं वाक्य मराठीत, निम्मं विमानात असायचं. मुकादमांच्या घराच्या खालच्या अंगाला, नाला जिथं उतरतो तिथं, त्यांनी एक टाकी आणि एक लांबरुंद वाफा बांधून घेतला. वाफ्यात खडी आणि वाळू भरली, त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलं. घाण पाणी उंबऱ्यापासून झाकलेल्या पाइपातून टाकीत यायचं, तिथं निवळायचं आणि खडीखालून, मुळांमधून झिरपत, स्वच्छ होऊन पलीकडं निघायचं.

"काका, बेसिकली ना, सगळं काम मुळं आणि खडीच करतात. आपण त्यांना अजिबात डिस्टर्ब नाही करायचं. ओके?"

"वक्के," मुकादम म्हणाले. ताई काय म्हणाल्या ते त्यांच्या कानापर्यंत आलं, पण टोपीच्या आत शिरलं नाही.

पण वास गेला! कर्दळ डोक्याच्या वर गेली, लाल-पिवळी फुलली, वाफ्यात पाणकोंबडी अंडी घालून बसली आणि शेजारच्या नलूनं आयुष्यात पहिल्यांदा अंगणात पापड वाळत घातले. भोंगवलीच्या गोरखरावांकडून त्यांच्या मितालीसाठी बंडूची विचारणा झाली. मुलगा-मुलीची पसंती फोनवरच होऊन गेली होती. उरलं होतं फक्त घर बघणं, आणि ते शुक्रवारी ठरलं.

त्याच आठवड्यात सरपंच इंद्रजितरावांचा फोन आला. हे गृहस्थ फोनवरही माईकसमोर उभे असल्यासारखे बोलतात.

"मुकादम! मोठे साहेब येतायत! उद्या! आपला वाफा बघायला! गावाची शान आहे शान! चकाचक दिसलं पाहिजे सगळं!"

मुकादमांच्या अंगात आलं. ते वाफ्यापुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. लोकांना तिथं कर्दळ दिसायची. मुकादमांना दिसलं सरकारी जागेत माजलेलं गवत.

"ह्या रानात सायबाला हुबं करू? काय वाघ दावायचाय त्यास्नी?"

बंडू टेम्पो धूत होता. तो म्हणाला, "आबा, ताईंनी हात लावू नगा म्हनून सांगितलंय."

"ताई रोज येती व्हय बघाया? सायेब उद्या येतोय! आन् येड्या, म्या तुझ्यासाठीच करतोय. पाव्हणं येतील, झकास बाग बघतील, म्हनतील, व्याही म्हंजी काय मानूस हाय!"

आणि माणसानं खरोखरच करून दाखवलं. गडी लावून कर्दळ आणि पाणकणीस मुळासकट उपटलं, नाल्यापलीकडं ढीग घातला. पाणकोंबडी ओरडत पळाली. उघडी खडी मुकादमांना दरिद्री दिसायला लागली, म्हणून तिच्यावर तांबड्या मुरुमाच्या ट्रॉल्या ओतल्या, पाणी शिंपलं आणि चोपून गुळगुळीत केलं. कडेनं फक्की मारली आणि मधोमध त्या चिरंजीव झेंडूच्या कुंड्या मांडल्या. वाफ्याला श्वास घ्यायला ठेवलेल्या जागेचं तोंडच लिंपून टाकलं, आणि वर टिळाही लावला.

साहेब आले. फोन कानालाच होता. "हं... हं... एक मिनिट." मग सरपंचांकडं वळून, "प्रोजेक्ट कुठाय?"

"हाच, साहेब! शान आहे शान!"

"अच्छा. व्हेरी नीट. बाकीच्या गावांत नुसती झुडपं वाढवून ठेवलीत. हे मॉडेल आहे, मॉडेल." साहेबांनी मुकादमांच्या पाठीवर हात ठेवला, फोटो झाला, गाडी गेली. मुकादमांनी तिथल्या तिथं गोरखरावांना फोन लावला. "सायेबांनी पाठीवर हात ठिवला, पाव्हणं! मॉडेल म्हनलं! समदी बाग म्या केली, म्या! उद्या आलासा की दावतो."

साहेबांना फसवता येतं. पाण्याला गाडीही नसते आणि घाईही नसते. ते खडीशी आलं, मुरुमाच्या चिखलानं वाट बुजलेली बघितली आणि आल्या पावली मागं फिरलं. आधी टाकी तुंबली, मग पाइप, मग नाला. शुक्रवारी उजाडता उजाडता ते आपल्या जुन्या ओळखीच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं, सोबत जुना वासही घेऊन. नलूनं नाक मुरडून पापड गोळा केले आणि दार लावलं.

मुकादमांनी ओसरीवर उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. त्यामुळं एवढंच झालं, की उदबत्तीचाही वास घाण वाटायला लागला.

गोरखराव आले, मिताली आली आणि मितालीची आत्या सगुणाबाई आल्या. आत्याबाईंनी बसायच्या आधीच हवा हुंगली.

"मुकादम, काय मेलंय का वो हितं?"

"न्हाई, त्ये... वरच्या आळीची मानसं. लई घाण लोक. म्या तरी किती सांगू?"

दाराआडून नलूचा आवाज आला. "मुकादम, पाव्हण्यांना बाग दावा की! कालपास्नं सांगतायसा आळीला!"

"व्हय व्हय, बाग!" गोरखराव बशी खाली ठेवत म्हणाले. त्यांना उठायला निमित्तच हवं होतं. "फोनवर लई ऐकलं. चला."

मुकादम म्हणाले ऊन आहे. मुकादम म्हणाले चहा टाकलाय. मुकादम म्हणाले माझा गुडघा. पण आत्याबाई पदर नाकाला लावून निघाल्याही होत्या.

बागेत काळं पाणी उभं होतं. फक्कीची रेघ विरघळून दुधट झाली होती, आणि मॉडेलच्या मधोमध एक झेंडूची कुंडी आडवी होऊन संथ गोल गोल फिरत होती. पलीकडं उपटलेल्या कर्दळीचा ढीग, मुळं आभाळाकडं करून.

"ही कुनी केली?" आत्याबाईंनी विचारलं.

मुकादमांनी टोपी मागं सारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाची उजवी बाजू बघत होतं. "पंचायतीची हाय," ते पुटपुटले.

"आबांनी केली," बंडू म्हणाला. "सायबासाठी आन् माझ्या लग्नासाठी. मी नगो म्हनत हुतो, पण आडवाबी पडलो न्हाई."

मिताली पदराआडून हसली की तिला खोकला आला, ते कळलं नाही. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत.

"पोरगं खरं बोलतंय, बरं हाय. पण मुकादम, तुमचं भ्या वाटतंय. आमची पोर उद्या केस मोकळं सोडून अंगनात बसली, तर तुमी विळा घिऊन यायचा!" त्यांनी गोरखरावांना खुणावलं. "चल रं. ही कर्दळ पुन्हा कमरेला लागली की सांगावा धाडा. तवा येऊ पोहे खायाला. तवर न्हाई."

पुढं शेफालीताई आल्या, वाफा बघितला, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द निघाला नाही. मुरूम उपसायला, खडी धुवायला आणि ढिगातली जिवंत मुळं वेचून पुन्हा लावायला मुकादम स्वतः गुडघाभर घाणीत उतरले. लावली तीही दोरी धरून, कवायतीसारखी, रांगेत.

कर्दळ गुडघ्याला लागली तेव्हा फोन वाजला. "मुकादम! आणखी मोठे साहेब! सोमवारी! शान आहे शान!"

मुकादमांचे डोळे चमकले. हात आपोआप आढ्यातल्या विळ्याकडं गेला. तो खाली घेतला, धार बघितली, वाफ्याकडं बघितलं. मग घामाघूम होऊन त्यांनी हाक मारली, "बंड्या! अरं बंड्या! ह्यो इळा घे आन् टेम्पोत कुलपात ठिव. किल्ली तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. म्या मागितली तरी दिऊ नगंस."

"आन् सायेब?"

"येऊ दे त्यास्नी रानात," मुकादम म्हणाले, आणि फक्कीचं घमेलं घेऊन रस्त्याच्या डाव्या बाजूला निघाले.