मानेवर पडलेला पाय

“सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी पेनचं टोक टेकवलं. “ती जुनीच आहे. पण इथली गादी सरकून नस दाबली गेलीय, ते नवं आहे. मानेवर जोर कुणी दिला?”

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

मी सोनपेठला घरी ब्लाउज शिवते. दिवसभर मान खाली. लग्नसराईत मान आखडली तेव्हा बाम चोळला, उशी काढून टाकली आणि शिवत राहिले. बहुतेक बायका हेच करतात.

सासूबाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, म्हणून कंबर धरून लोक आमच्या ओसरीवर येतात. त्या पालथं निजवून कमरेला नुसता पाय लावतात. मानेला त्यांनी कधी पाय लावला नव्हता. त्या दिवशी मात्र मला म्हणाल्या,

“पड गं पालथी. गावंच्या गावं येतेत माज्याकडं, अन् घरचीच कण्हायलीय.”

मी पडले. पाय मानेला लागला आणि त्यांचा तोल गेला. सगळा भार मानेवर आला.

संध्याकाळी उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग सुईत दोरा ओवता येईना. कात्री हातातून सुटून पायाजवळ पडली, तेव्हा परभणी गाठली.

“ऑपरेशन आत्ता नको,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या, गळ्याला पट्टा, मग व्यायाम. बोटं कितपत परत येतील, सांगता येणार नाही.”

पट्टा निघाल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमनी खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. हनुवटी सावकाश एका खांद्याकडे, थोडं थांबायचं, परत मधे. मग दुसरीकडे. मग कान खांद्याकडे झुकवायचा. खांदा वर उचलायचा नाही. “ताण जाणवावा, कळ येऊ नये. हातात मुंग्या आल्या की थांबा. मान गोल फिरवायची नाही.”

तुमची मान धरली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि झेपेल एवढंच करा. तिला कुणाचा पाय लागू देऊ नका. न्हाव्याकडून कडकड मोडूनही घेऊ नका.

माझी मान सुटली. अंगठा आणि त्याजवळचं बोट अजून बधिर आहेत. हुक लावणं, हातशिलाई गेली. मशीनवर सध्या चादर आहे.

परवा एक जण कंबर धरून आला. सासूबाई आतूनच म्हणाल्या, “त्याला सांग, मी आता पाय देत न्हाई.”

सकाळी मी व्यायामाला बसते, तशी त्याही खुर्ची ओढून शेजारी बसतात.

“तुमची मान तर चांगली आहे, आत्याबाई.”

“तू बस गुमान.”

डावीकडे मान नेली की त्या दिसतात, उजवीकडे नेली की चादरीखालचं मशीन. मान वळत नव्हती तेव्हा दोन्ही दिसत नव्हतं. एवढं परत मिळालं आहे.