घानाची नोट आणि देवाला गाऱ्हाणं

परवा एका मित्राकडे कोको प्यायलो आणि त्या कडवट वासासरशी आमचे रामाकाका आठवले. काका बोटीवर खलाशी. घाना स्वतंत्र झाल्यावर त्यांनी तिथली नवी नोट आणली. तिच्यावर कोकोच्या शेंगांचे ढीग, ना राजा, ना राणी! मी परदेशी नोटा जमवायचो, ही माझ्यासाठीच होती. शिवाय शेजारी गोव्यात पोर्तुगीज अजून ठाण मांडून होता. गोवामुक्तीच्या सभेत मला ती फडकवायची होती.

पण काकांनी ती आमच्या तोंडवली गावच्या देवळात नारळाशेजारी ठेवली आणि गावकाराला, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याला, गाऱ्हाणं घालून देवाकडे मागणं मागायला सांगितलं.

"काका, देवाफुडे ठेवलेली नोट परत हातात येवची नाय!" मी ओरडलो.

"माका म्हायत आसा. आरडू नको रे, फुडाऱ्या."

गावकारानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, त्या लांबच्या लेकरांचां राज्य सुखाचां होवंदे, आणि गोयांतलो फिरंगी जावंदे!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी मात्र रागानं त्या नोटेकडेच बघत होतो.

पुढे पत्रकं वाटत मी गावोगाव हिंडलो. पण परक्या देशाच्या स्वातंत्र्याची राखण आपल्या गावदेवावर सोपवणारा माणूस मला एकाही सभेत भेटला नाही.