धुतलेलं जाळं

उपदेशक भावांनो, आपलं हे फिरतं पत्र आज माझ्याकडे आलं आणि आजच सांगण्यासारखं घडलं.

तीन रविवार मी तलावाच्या पाळीवर ढिवर कोळ्यांपुढे बायबलचा टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारं पुस्तक, वाचत होतो. लोक मधूनच उठून जायचे. आज त्यात लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर एक बारीक गोष्ट सापडली. येशू आला तेव्हा कोळी जाळी धूत होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हाताऱ्या राघोभाऊंना विचारलं, “भाऊ, धुतलेलं जाळं पुन्हा पाण्यात टाकता का?”

“कोन टाकते जी? सुताचं जाळं हाये. धुतलं का वाळवा लागते, नाई त सडते. धुतलं म्हंजे काम संपलं.”

मी म्हटलं, “येशूनं टाक म्हटलं, अन् त्यातल्या पेत्र नावाच्या कोळ्यानं टाकलं.”

कोणी उठलं नाही. राघोभाऊच बोलले, “मंग त्याले त्या मानसावर लय भरोसा असन.”

माझा तासाभराचा उपदेश त्यांनी एका वाक्यात केला. मी फक्त आमेन म्हटलं.

टीकाग्रंथ मी सोडणार नाही. तो नसता तर ती धुतलेली जाळी मला दिसलीच नसती. पण आता तो घरी वाचीन आणि पाळीवर विचारीन. तुमच्या गावात तुम्ही कोणाला विचारता?