मंगलची केमिस्ट्री आणि माझं ब्लडप्रेशर

माझं आयुष्य पुण्यात केमिस्ट्री शिकवण्यात गेलं, पण तिथला एकही किस्सा मला धड सांगता येत नाही. आणि घोडेगावात हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत एका उन्हाळ्यात इतके साठले, की कोणता आधी सांगावा याचीच काळजी वाटते. काळजी मला कशाचीही वाटते, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातच गैरसमजातून झाली. निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलो, तर शेजारी म्हणाले, बारावीला फक्त केमिस्ट्रीत अडकलेली काही मंडळी आहेत, पुरवणी परीक्षेपर्यंत शिकवाल का? मी म्हणालो, "बघतो." आमच्या प्राध्यापकी भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो. घोडेगावात त्याचा अर्थ 'सोमवारपासून' असा होतो, हे मला सोमवारी कळलं.

तिघं होती. बेल्ह्याचा बबन, बैलांचा व्यापार करणारा. जुन्नरचा तौफिक, वडिलांची बेकरी सांभाळणारा. आणि भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली मंगल. तिला नर्सिंगला जायचं होतं. लग्न झालेलं, पदरात लहान मुलगी. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या बारीला पास झालीस तर जा. न्हाई झालीस तर नर्सिंगचं नाव काडायचं न्हाई." हे तिनं पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. ती हसली, आणि माझं ब्लडप्रेशर जे वर गेलं ते निकालापर्यंत खाली आलं नाही. डॉक्टरेट असून मी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक वर्तमानपत्रात लपवून वाचू लागलो. अणूची व्याख्या आपल्याला नक्की येते ना, अशी शंका यायला लागली होती.

*

अणूवरून रेणूवर आलो. म्हटलं, अणू एकमेकांना धरून राहतात, त्यांचा रेणू होतो. मंगल तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिच्या नणंदेचं नाव रेणू. तीच मंगलला रोज स्कूटीवरून वर्गाला सोडायची आणि खाली दुकानापाशी थांबायची.

"पन सर, आमची रेणू कुनालाच धरून ऱ्हात न्हाई. बोलतच न्हाई कुनाशी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ती निष्क्रिय वायू असेल."

वर्ग हसला आणि मला घाम फुटला. हे खाली कळलं तर? ती रागावली तर स्कूटी बंद, स्कूटी बंद तर वर्ग बंद, वर्ग बंद तर नर्सिंग बंद. दुसऱ्या दिवशी मी मंगलची माफी मागितली आणि हे तिकडे सांगू नकोस म्हणून विनवलं.

"मी तर कालच सांगितलं, सर."

"मग? काय म्हणाली?"

"म्हनली, सर हुशार हायेत."

*

पुढे मोल आला. कार्बनचा एक मोल बारा ग्रॅम, ऑक्सिजनच्या अणूंचा सोळा ग्रॅम, वजन वेगळं पण अणूंची संख्या तीच, असं फळ्यावर लिहिलं. बबननं हात वर केला.

"सर, हे मोल कुनी ठरवलं? घेनाऱ्यानं का इकनाऱ्यानं?"

त्याचं बरोबरच होतं. बेल्ह्याच्या बाजारात ज्याला मोल म्हणतात ते दोघांत ठरतं, आणि बराच वेळ ठरत नाही. मी घाईघाईनं सोपं उदाहरण शोधलं. म्हटलं, बबनराव, हा मोल म्हणजे जोडीसारखा शब्द आहे. जोडी म्हणजे दोन. बैलांची असो की शेळ्यांची, नग दोनच. वजन मात्र वेगळं.

बबननं बराच विचार केला. मला वाटलं, समजलं.

"सर, शेळ्यांची जोडी कुनी लावत न्हाई. औताला काय शेळ्या जुपायच्या?"

त्या दिवशी मोल तिथंच राहिला. मंगलनं मात्र वहीत नीट लिहून घेतलं होतं: शेळ्यांची जोडी नसते.

*

तौफिकला समीकरणं संतुलित करायला दिली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. त्यानं शांतपणे पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोन लिहिलं आणि खडू ठेवला.

मी म्हटलं, अरे, हे पाणी राहिलं नाही. हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. हे प्यायलास तर दवाखान्यात जावं लागेल.

"पण सर, बॅलन्स तर झालं ना?"

झालं होतं! मोजून पाहिलं, दोन्हीकडे दोन-दोन. मी सूत्र का बदलायचं नसतं ते समजावत असताना मंगल मागे म्हणाली, "दवाखान्यात गेला तर बरंच हाय सर, तवर मी नर्स झाली आसन."

सगळे हसले. मी फळा पुसला. ती नर्स होईल की नाही हे त्या फळ्यावर ठरणार होतं, आणि तो फळा माझ्या हातात होता.

*

सगळ्यात जास्त भीती मला गणितांची वाटत होती. दोन पदार्थांतला जो आधी संपतो, त्याच्यावर क्रिया थांबते, एवढंच खरं तर त्यात असतं. मंगलच्या नवऱ्याचं देवळाच्या वाटेवर पूजेच्या ताटांचं दुकान. म्हणून तेच उदाहरण घेतलं. एका ताटात एक नारळ, एक हार. दहा नारळ आहेत, बारा हार आहेत. ताटं किती होतील?

"बारा," मंगल म्हणाली.

"अगं, नारळ दहाच आहेत."

"मंग शेजारच्या दुकानातून दोन आनायचे. गिऱ्हाईक दारात हुबं असताना कोन अडून बसतंय?"

मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मंगल, परीक्षेत शेजारी मागायचं नसतं गं."

तेव्हा मात्र ती हसली नाही. तिनं खोडलं, दहा लिहिलं, आणि पुढची सगळी गणितं ओठ आवळून केली. तिलाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

*

निकालाच्या दिवशी तिचा बैठक क्रमांक माझ्याजवळ होता. फोनही होता, रेंजही होती. बघायचं धाडस होत नव्हतं. दुपारी दार वाजलं. नऊवारीतली एक बाई, कडेवर लहान मुलगी.

"केमिस्ट्रीचं सर तुमीच का?"

क्षणभर नाही म्हणावंसं वाटलं. मी हो म्हटलं, आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांनी घर निरखलं. पुस्तकांचं कपाट पाहिलं. पाणी संपवलं.

"मी मंगलची सासू. पास झाली ती."

मी पलंगावर टेकलो.

"आता ती शिकाया पुन्याला ऱ्हानार."

"हो. राहावं लागेल."

"तुमी पास केली न्हवं तिला?"

मी सांगू लागलो, तसं नाही, कष्ट तिचेच, मी फक्त थोडंसं... त्यांनी ऐकून घेतलं नाही. कडेवरची नात उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि पदर सारखा केला.

"मंग धरा."